सांगाल तेव्हाचे दोनशे

फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. वडिलांचा दहावा. ठिकाण बदलापूर गावाच्या खालच्या अंगाचा नदीवरचा घाट. एकूण खर्च सव्वीस हजार चारशे. त्यातले निम्मे मी आदल्या दिवशीच धाकट्या भावाच्या हातात दिले होते. हजर: आई, मी, माझी बायको, माझ्या पाठची बहीण, जिला घरात सगळेच ताई म्हणतात, धाकटा भाऊ, त्याची बायको, वडिलांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे काका, गुरुजी, आणि बाकीची बासष्ट माणसं. मी मोजली होती. बासष्टांतली निदान चाळीस वडिलांना ओळखत नव्हती. ती काकांना ओळखत होती.

हे आधी लिहून टाकतो, कारण त्या दिवसाबद्दल आमच्या घरात पुढे इतक्या तऱ्हांनी बोललं गेलं की खरं काय झालं ते आता कुणी विचारतही नाही.

मी देव मानत नाही. एकोणिसाव्या वर्षापासून मानत नाही आणि आता चौपन्न पूर्ण आहेत. नवस फसला, कुणी अकाली गेलं, असलं काही त्यामागे नाही. हिशोब जुळला नाही, एवढंच. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. ज्या खात्यात नुसतं जमा होत राहतं आणि देणं कधीच दाखवलं जात नाही, त्या खात्याचा मला पगारी संशय येतो.

देवापेक्षा माणसांचा राग जास्त. पालेगावला मी फ्लॅट घेतला तेव्हा समोर भातशेती होती. आता सात टॉवर आहेत, तीन देवळं आहेत आणि पाणी एक दिवसाआड आहे. टँकरची वर्गणी मागितली की लोक मागच्या महिन्याची पावती दाखवा म्हणतात. आरतीच्या स्पीकरची मागितली की पाकीट काढतात. 'काहीतरी शक्ती आहे हो,' असं म्हणणाऱ्यांचा तर मला सर्वांत जास्त तिटकारा. देव आहे म्हणायची हिंमत नाही, नाही म्हणायचीही नाही. वर माझ्याकडे असे बघतात, जसं काही मला दुर्धर रोग आहे आणि तो मला कुणी सांगितलेला नाही.

काका त्या जातीचे नव्हते. ते कशावरच विश्वास ठेवत नसत आणि सगळ्याला हात जोडत. जमिनीची दलाली करायचे आणि नगरसेवक व्हायचं होतं. 'भावी नगरसेवक' असा त्यांचा बॅनर बेलवलीच्या नाक्यावर इतकी वर्षं होता की त्यातले हात जोडलेले काका ऊन खाऊन निळे पडले होते. निवडणूक लांबत गेली तशी त्यांनी दहावे धरले. आमच्याकडे दहाव्याला घाटावर माईक असतो आणि पुढारी श्रद्धांजली वाहतात. काका आठवड्याला तीन-तीन दहावे करत. मेलेला माणूस कुणाचाही असो, 'प्रेमळ, मनमिळाऊ आणि आमच्या कार्याचा खंदा पाठीराखा' असायचा. सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही त्यांनी हेच तीन शब्द वापरले. वडील त्यांच्या कार्याला 'धंदा' म्हणत.

मोठा मुलगा म्हणून अग्नी मी द्यायचा होता. मी नाही म्हणालो. डोकं भादरलं नाही, दर्भ हातात धरला नाही. भाऊ म्हणाला, "ठीक आहे दादा, मी करतो." तेव्हा मला ते सोयीचं वाटलं. दहा दिवस तो बोडक्या डोक्याने घरात फिरला आणि येणारा-जाणारा त्याला म्हणत राहिला, "तूच खरा मुलगा." हा खर्च मी धरला नव्हता.

आता खोलीचं सांगतो, कारण सगळं तिच्यासाठीच आहे. बेलवलीत दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन, तीनशे चाळीस फूट, वडिलांच्या नावावर. एजंटचा भाव एकवीस लाख. त्यात वडील, आई आणि बहीण. बहिणीला तिच्या नवऱ्याने लग्नानंतर तिसऱ्या वर्षी परत पाठवलं, मूल होत नाही म्हणून. त्याला सोळा वर्षं झाली. उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे येतात, ती घरी बसून त्यांचे धागे कापते, नगावर पैसे. वडील शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होते. डायपर तिने बदलले, पाठीच्या जखमा तिने धुतल्या. मी महिन्याला चार हजार द्यायचो. भाऊ उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या दुकानात कामाला आहे, तिथेच भाड्याने राहायचा. तो रविवारी यायचा आणि केळी आणायचा.

वडील सगळ्यांदेखत म्हणायचे, "ही खोली हिची." मी दोनदा म्हणालो, लिहून ठेवा. ते म्हणाले, "घरच्या घरात कसला कागद?" आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेला माणूस, नट अर्धा आटा सैल असला तर रात्रभर झोपायचा नाही. कागदाच्या बाबतीत मात्र सगळं सैल ठेवून गेला.

तर घाटावर. साडेदहाला पिंड मांडले. सगळे मागे सरकून उभे राहिले. पलीकडे उंबराच्या झाडावर पंधरा-वीस कावळे होते. एकही हलेना.

पाच मिनिटं गेली. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला."

मग सुरू झालं. आईने सांगितलं, चहा ठेवा. चहा ठेवला. कुणीतरी तंबाखूची पुडी ठेवली. भावजय म्हणाली, "अप्पा, नातवंडांना नीट शिकवू." कावळे बसलेले. भावाचे शेठ पांढऱ्या सफारीत आले होते; ते माझ्या कानाशी म्हणाले, "कितना टाइम लगता है, साईं? माल की गाडी आने वाली है."

मी म्हणालो, "पक्ष्यांना विचारा."

वीस मिनिटं झाली तेव्हा बहीण माझ्याजवळ आली. दहा दिवसांत ती माझ्याशी धड बोलली नव्हती. हळूच म्हणाली, "दादा, तू म्हण ना."

"काय म्हणू?"

"तुला माहीत आहे. मोठ्याने म्हण. एवढी माणसं आहेत."

मला माहीत होतं. त्या बासष्ट माणसांसमोर मी मोठ्याने म्हणालो असतो, अप्पा, खोली ताईची, तर ते वाक्य गावात दगडावर कोरलं गेलं असतं. कागद नंतर आला असता. मी तिला म्हणालो, "मी वकिलाकडे जाईन. कायदेशीर करून देईन. कावळ्याशी बोलणार नाही."

"अप्पांशी बोल."

"अप्पा नाहीत."

ती वळली. मग आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

तेहतिसाव्या मिनिटाला काका पुढे झाले. माईक नको म्हणाले, त्यांचा आवाज तसाही घाटभर जातो. झाडाकडे हात जोडून म्हणाले, "दादा, तुझा जीव धाकट्यात अडकलाय, आम्हाला ठाऊक आहे. भाड्याच्या घरात राहतोय पोर. बेलवलीची खोली त्यालाच मिळेल. तुझा भाऊ शब्द देतो."

घाटाच्या पायरीवर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, वाळलेला, गळ्यात पंचा आणि खांद्यावर बेचकी. पत्रावळी, दर्भ विकतो, घाट झाडतो; सगळे त्याला मामा म्हणतात. काकांचं बोलणं संपलं तशी त्याने बेचकी काढून पिशवीत ठेवली आणि पिशवीतला पत्र्याचा डबा बाहेर काढताना तो दोनदा वाजला. मला वाटलं, हा जेवायला बसतोय.

कावळे आले. एक नाही, चार. मधल्या पिंडावरच बसले.

घाटावर जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. बासष्ट माणसांनी एकदम श्वास सोडला. आई हात जोडून खाली बसली. काकांनी डोळे पुसले. ते कोरडे होते, मी जवळ होतो. आणि बहीण रडत रडत भावाकडे गेली आणि म्हणाली, "तुझीच रे. अप्पांनी सांगितलं. तुझीच."

तिने ते मनापासून म्हटलं. माझी सगळी अडचण पुढे इथेच झाली.

महिन्याभरात भाऊ बायको आणि दोन मुलांसह खोलीत राहायला आला. बहीण आणि आई स्वयंपाकघरात झोपू लागल्या. जीन्सचे गठ्ठे जिन्यात गेले, मग भावजय म्हणाली, मुलीला धुळीने खोकला होतो, मग गठ्ठे येणं बंद झालं. बहिणीची कमाई शून्यावर आली. कागद वर्ष सरल्यावर करायचे ठरले होते, दुखवट्याच्या वर्षात नको म्हणून. कागद झाले की काका खोली विकून भावाला मोठी बघून देणार होते, दोन्हीकडची दलाली घेऊन. त्यात बहिणीची सोय कुठे, असं मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "तुझ्याकडे घेऊन जा की, दादा. तुझ्याकडे देव नाही, जागा भरपूर असेल."

माझ्याकडे दोन खोल्या आणि चार माणसं. बायको नको म्हणाली नाही. मीच म्हणालो. कारण बहीण एकदा माझ्या घरी आली की खोली गेलीच; ताबा हाच अर्धा हक्क. हे मी तिला समजावलं. तिला ते कळलं आणि लागलंही.

मी कायदाही सांगितला. मृत्युपत्र नाही, तेव्हा आई आणि आम्ही तिघं, प्रत्येकी चार आणे. माझे चार आणे मी बहिणीला देतो. आईने दिले तर आठ. तिचे स्वतःचे चार. बारा आणे झाले, भाऊ काय करेल?

आई म्हणाली, "आणि त्यांना उपाशी ठेवू? बघितलंस ना कुणाच्या नावावर जेवले ते?"

बहीण म्हणाली, "मी सही करून देणार दादा. माझे चार आणे त्याचे. मी अप्पांचं मन मोडणार नाही."

मी ज्याच्याविरुद्ध पस्तीस वर्षं बोलत होतो ते माझ्यासमोर चटईवर बसून लसूण सोलत होतं आणि स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर स्वतःच्या सहीने काढून द्यायला तयार होतं.

मे महिन्यात आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याची आई गेली. दहावा त्याच घाटावर. मी पैशाच्या बाबतीत चोख, म्हणून त्याने पाकीट माझ्याकडे दिलं: गुरुजींना एवढे, न्हाव्याला एवढे. पत्रावळींचे पैसे द्यायला गेलो तेव्हा मामाने नोटा मोजल्या आणि विचारलं, "कावळा लवकर पायजे का सांगाल तेव्हा?"

"म्हणजे?"

"लवकरचे शंभर. सांगाल तेव्हाचे दोनशे."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. त्याने लपवलं काहीच नाही. रोज सकाळी तो कावळ्यांना फरसाण घालतो, डबा वाजवून. बेचकी खांद्यावर दिसली की झाडावरून उतरत नाहीत. पिशवीत गेली आणि डबा वाजला की येतात. अकरा वर्षं हेच करतोय. मी विचारलं, फेब्रुवारीत आमचा दहावा होता, तेव्हा कुणी सांगितलं होतं? त्याने मला निरखून पाहिलं.

"तुम्ही ते टकलू न केलेले. हां. तुमच्या काकांनी सांगितलं. बोलणं झाल्यावर सोड म्हणाले. दोनशे ठरले, दीडशे दिले. पन्नास बाकी आहेत अजून."

एकवीस लाखांची खोली दोनशे रुपयांत गेली होती, तीही पन्नास उधारीवर.

मी तडक बेलवलीला गेलो. बहीण जिन्यात भेटली, गिरणीतून दळण घेऊन येत होती. तिथेच सांगितलं. बेचकी, डबा, दोनशे, पन्नास बाकी, सगळं. मला वाटलं, आता संपलं.

तिने दळणाचा डबा पायरीवर ठेवला. "मामाला त्याच वेळी बेचकी ठेवायची बुद्धी कुणी दिली?"

"काकांनी. दोनशे रुपये देऊन."

"आणि काकांना?"

मी डबा उचलायला वाकलो. तिने तो उचलू दिला नाही.

"अप्पांच्या मनात नसतं तर कावळा डबा वाजवूनही आला नसता," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि समज, तुला आधी माहीत असतं. दोनशे रुपये दिले की ताईची खोली. दिले असतेस?"

मी खरं बोलतो. मी म्हणालो, "नाही."

"मग जा आता. दळण गरम आहे, भरून ठेवायचंय."

त्या जिन्यातून उतरताना मी ठरवलं. ज्यांना पुरावा चालत नाही त्यांना पुरावा देत बसणं हा माझा शौक होता, आणि त्या शौकाची किंमत ती भरत होती.

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी मी घाटावर गेलो. मामाला म्हणालो, "लवकरचे शंभर, सांगाल तेव्हाचे दोनशे. मी सांगेपर्यंत अजिबात नाही, त्याचे किती?"

तो हसला. "असं कुणी मागितलं नाही आजवर. लोकांना कावळा पायजे असतो. पाचशे द्या."

"काकाही येतील तुझ्याकडे."

"येतील की. पण ते उधार ठेवतात."

मी पाचशे रोख दिले. काकांचे राहिलेले पन्नासही दिले. कुणाचं देणं त्या व्यवहारात अडकलेलं मला नको होतं. खूण ठरली: मी चष्मा काढीन.

वर्षश्राद्धाला काकांनी छापील पत्रिका वाटल्या होत्या. त्यावर वडिलांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि काकांचा तळहाताएवढा. निवडणूक तोंडावर होती. दीडशेवर माणसं आली. वर्षश्राद्धाला एरवी घरचीच माणसं असतात आणि कावळ्याला घास ठेवून होतं. पण काकांना गेल्या वर्षीचा प्रसंग पुन्हा करून दाखवायचा होता. तो प्रसंग त्यांनी वर्षभर प्रत्येक दहाव्याला सांगितला होता: "दादाने माझ्या शब्दावर घास घेतला."

अकरा वाजून दहा मिनिटांनी पान मांडलं. काका पुढे झाले. "दादा, शब्द पाळतोय. येत्या सोमवारी कागद. घे."

मामा पायरीवर बसला होता. बेचकी खांद्यावर.

काकांनी पुन्हा म्हटलं. मग मामाकडे पाहून घसा खाकरला. मामा नदीकडे बघत होता.

साडेअकरा झाले. भावाने पुढे होऊन दारू सोडल्याचं सांगितलं. तो पितो हे निम्म्या लोकांना तेव्हाच कळलं. भावजयीने सासऱ्यांची माफी मागितली, कशाची ते नाही सांगितलं. गर्दीतून कुणी म्हणालं, "रागावलाय म्हातारा." दुसरा म्हणाला, "भावी नगरसेवकाचं ऐकत नाही आज." हशा झाला. काकांच्या मानेवरून घाम उतरायला लागला.

आई उन्हात बसली होती. त्र्याहत्तर वर्षं, साखरेचा आजार, सकाळपासून पोटात काही नाही, कारण आधी ते जेवणार. मी तिच्यापासून आठ पावलांवर उभा होतो. चष्मा काढला असता तर त्याच क्षणी सगळं थांबलं असतं. मी काढला नाही. आणि मी स्वतः बोलायचंही नव्हतं. माझ्या तोंडून खोलीचं नाव निघालं असतं तर काकांना लगेच वास आला असता. दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते कोण बोलेल हे मला माहीत होतं. मी आईची वाट बघत होतो.

बहीण पुन्हा माझ्याजवळ आली. "आईला चक्कर येईल. आता तरी बोल काहीतरी."

"नाही."

"माणूस आहेस का तू?"

मी घड्याळ बघितलं. अकरा चव्वेचाळीस.

अकरा एकोणपन्नासला आई बोलली. पदर दोन्ही हातांत धरून, झाडाकडे बघून. "काय चुकलं हो माझं? लेकीला स्वयंपाकघरात टाकलं म्हणून का?"

सगळे झाडाकडे बघायला लागले. माझा हात चष्म्यापर्यंत गेला आणि मी तो खाली घेतला. तो प्रश्न होता. प्रश्नावरून कागद होत नाही. काकांनी त्यातून उद्या काहीही काढलं असतं.

अजून चार मिनिटं गेली. आई रडायला लागली होती. तिचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. मग ती मोठ्याने म्हणाली, "खोली तिलाच. लिहून देते. सगळे लिहून देतील. पण जेवा हो. वर्षभर उपाशी ठेवलं मी तुम्हाला, आता जेवा."

मी चष्मा काढला आणि रुमालाने पुसला. बेचकी पिशवीत गेली. डबा वाजला.

चष्म्याशिवाय मला लांबचं दिसत नाही. कावळे किती आले ते मी मोजलं नाही. लोकांच्या आवाजावरून कळलं.

आई बसल्या जागी आडवी झाली. साखर उतरली होती. बहिणीने तिच्या तोंडात पिंडाच्या पानावरचाच गूळ घातला, मग रिक्षाने दवाखाना, एक सलाईन. संध्याकाळी घरी.

भावाने दोन महिने भांडण केलं. त्याला सही करायला मी लावली नाही, काकांनी लावली. दीडशे माणसांनी पाहिलं होतं, आणि ज्या वॉर्डात कावळ्याने निकाल दिला त्या वॉर्डात काकांना मतं मागायची होती. भावाला म्हणाले, "तुझ्या खोलीपायी माझी शीट घालवतोस?" एप्रिलमध्ये नोंदणी कार्यालयात आम्ही तिघांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. खोली बहिणीच्या नावावर झाली. भाऊ उल्हासनगरला परत भाड्याने गेला. पुतणीची बदलापुरात भरलेली शाळेची फी बुडाली. त्याबद्दल मला वाईट वाटायला हवं असं बायको म्हणते.

नोंदणी झाली त्या दिवशी बहिणीने खोलीत चहा केला. जीन्सचा पहिला गठ्ठा पुन्हा आला होता, दाराशी पडला होता. मला कप देताना म्हणाली, "शेवटी अप्पांनीच केलं माझं. तू तेव्हाही गप्प होतास आणि यंदाही गप्प. आई मरायला टेकली तरी तुझं तत्त्व सुटलं नाही."

मी चहा प्यायलो. खरं सांगितलं असतं तर तिने तो सह्या झालेला कागद उद्या परत भावाला नेऊन दिला असता. तिच्यात ती ताकद आहे.

आईचं मात्र मिटलं नाही. नवरा आपल्यामुळे वर्षभर उपाशी राहिला, हे तिच्या मनातून जात नाही. आता रोज दुपारी ती खिडकीच्या गजाबाहेर घास ठेवते आणि कावळा शिवल्याशिवाय स्वतः जेवत नाही. बेलवलीत आता झाडं राहिली नाहीत, कावळे कमी. कधी दोन वाजतात, कधी तीन. दोनदा घेरी येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर जेवल्या नाहीत तर पुढची जबाबदारी तुमची. मी तिला समजावायला बसलो. अप्पा नाहीत, कावळा म्हणजे नुसता पक्षी, हे सगळं मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, "तू नको बोलूस. तू त्यांच्या तोंडाला पाणीसुद्धा लावलं नाहीस."

झालेला खर्च असा. वकील, कागद आणि नोंदणी मिळून साडेसात हजार, वकिलाला आणि कार्यालयात. दवाखाना अठराशे. घाटावर पाचशे, आणि काकांचे पन्नास, जे त्यांनी अजून मला परत केलेले नाहीत. हे सगळं फिटलं. चालू राहिलेला खर्च एकच आहे: दर महिन्याच्या एक तारखेला सहाशे रुपये, मामाला. तो रोज बाराच्या ठोक्याला सायकलवरून बेलवलीत येतो, आईच्या इमारतीमागे उभा राहतो आणि डबा दोनदा वाजवतो.